धोट्याचं गाणं कोणाचं?

आमच्या साडूंइतका चौकस माणूस भिवंडी तालुक्यात आजवर झाला नाही, आणि पुन्हा होऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या बहिणीला आम्ही सगळेच ताई म्हणतो. साडूंची आणि माझी पहिली ओळख माझ्याच लग्नात झाली. विहारात वंदना आटोपली, जेवणं सुरू झाली, गायन पार्टीनं पेटी उघडून पहिलं गाणं धरलं, आणि माझ्या शेजारी बसलेले हे गृहस्थ ताडकन उठून स्टेजकडे निघाले. मला वाटलं, बक्षिसाची नोट द्यायला चाललेत. छे! त्यांनी ऐन कडव्यात गायकाच्या कानाशी तोंड नेलं आणि विचारलं, "ही चाल आणली कुठून?" गायक म्हणाला, माझ्या गुरूची. ढोलकीवाला म्हणाला, गुरूची कसली, माझ्या चुलत्याची. पेटीवाल्यानं तिसरंच नाव घेतलं. पुढचा अर्धा तास स्टेजवर गाणं नव्हतं, वाद होता, आणि साडू मध्ये उभे राहून एकेकाला "बरं, मग त्यांच्या आधी कोण?" असं विचारत होते. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत आहेर घेतानाचा एकही धड शॉट नाही. साडूंची पाठ मात्र सगळ्या बाजूंनी दिसते.

अशा माणसाला वीजखात्यानं मीटर रीडर केलं हा कोणाचा विनोद होता कोण जाणे. तीस-बत्तीस वर्षं निजामपुऱ्याच्या गल्ल्या त्यांच्याकडे होत्या. मीटर वाचायला लागतं अर्धं मिनिट. साडूंना एका घरात वीस मिनिटं लागायची. भिंतीवर घड्याळ उलटं टांगलेलं दिसलं तर ते का, पिंजऱ्यातल्या पोपटाला शिवी शिकवली कोणी, दाराला हिरवाच रंग का लावला आणि तो लावायचं पहिल्यांदा सुचलं कोणाला, हे सगळं झाल्याशिवाय स्वारी पुढच्या दाराला जायची नाही. लोकही सांगायचे. त्या गल्ल्यांमध्ये चोवीस तास पॉवरलूमची खटखट, माणसाचं माणसाला ऐकू येत नाही, आणि इथं एक सरकारी माणूस तुमच्या पोपटाची आस्थेनं चौकशी करतोय म्हटल्यावर कोण सोडणार? माझं चष्म्याचं दुकान आहे. एकदा साडू येऊन बसले असताना एक गिऱ्हाईक डोळे तपासत होतं. समोर तो अक्षरांचा तक्ता. साडू बघत राहिले आणि मग शांतपणे म्हणाले, "ही अक्षरं याच क्रमानं लावायची हे ठरवलं कोणी?" अहो, मी बावीस वर्षं हजारो लोकांकडून तो तक्ता वाचून घेतला, माझ्या मनाला हा प्रश्न कधी शिवला नव्हता. तेव्हापासून गिऱ्हाईक वरची ओळ वाचायला लागलं की मीच अडखळतो.

रिटायर झाल्यावर साडूंना फुटबॉल लागला. आता फुटबॉल लागला म्हणजे खेळ लागला असं कोणी समजू नये. ऑफसाइड म्हणजे काय हे त्यांना आजही कळत नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नाही. त्यांना लागली ती प्रेक्षकांची गाणी. कधीतरी मोबाईलवर परदेशातली मॅच लागली, त्यात पन्नास हजार माणसं गळ्यात मफलर ताणून एका सुरात गाताना दिसली, आणि साडूंनी खेळाकडे पाठ फिरवून त्या माणसांकडेच बघायला सुरुवात केली. मग रोज सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर जातंय न जातंय तोच हे खाली वाकून आत. "दाजी, ऐका." मी अगरबत्ती लावतोय, यांचं सुरू. कुठल्याशा बंदराच्या गावातल्या क्लबाचं गाणं मुळात नाटकातलं आहे, आणि तेही रडण्याच्या प्रसंगातलं. दुसऱ्या एकांचं देवळात म्हणायचं भजन होतं, पोरांनी शब्द बदलले. तिसऱ्यांची गंमत अशी की ते गाणं विरोधकांनी यांना चिडवायला केलं होतं. यांनी तेच उचललं आणि छाती काढून म्हणायला लागले, विरोधकांची तोंडं बंद! "बघा ना," साडू माझ्या स्टुलावर बसून म्हणायचे, "यातलं एकही गाणं मैदानासाठी केलेलं नाही. सगळी वाट चुकून आलेली. आणि गाणाऱ्या पन्नास हजारांपैकी एकाला तरी पडलंय का, पहिल्यांदा तोंडातून काढलं कोणी? कोणीतरी एकच माणूस असणार ना, दाजी! पहिला!" हे "पहिला" म्हणताना त्यांचे डोळे असे चमकायचे की मला त्यांचा नंबर तपासावासा वाटायचा.

परदेशातली गाणी संपली तेव्हा त्यांची नजर घरच्या गाण्यावर पडली. आमच्याकडे धोटा स्पोर्टिंग नावाचा क्लब आहे. धोटा म्हणजे लूमवर उभ्या सुतांमधून इकडून तिकडे धावतो तो, सूत घेऊन जाणारा. क्लब लूमवाल्या पोरांनी काढला म्हणून हे नाव. धोट्याची खासियत अशी की तो हरतो. पण हरताना त्याचे लोक जे गाणं म्हणतात ते ऐकायला जिंकणाऱ्या संघाचेही लोक थांबतात. गोल खाल्ला रे खाल्ला की ताशा वाजतो, एक बाजू म्हणते:

"गेलं तर येईल रे, येईल रे, येईल रे..."

आणि दुसरी बाजू उत्तर देते:

"थोडा सबर कर भाई, थोडा सबर कर!"

बस, एवढंच. पहिली ओळ मराठी, दुसरी हिंदी, याचं भिवंडीत कोणाला काही वाटत नाही. आम्ही एका वाक्यात दोनदा रस्ता ओलांडतो. पण साडूंना वाटलं. काय गेलं? काय येणार? आणि कोण म्हणालं पहिल्यांदा? त्यांनी मैदानावर विचारायला सुरुवात केली तर दहा जणांची बारा उत्तरं. कोणी म्हणे, हे आमच्या हरवलेल्या कपाबद्दल आहे. कोणी म्हणे, आमचा गोलकीपर दुबईला गेला, त्याच्या आठवणीत केलं. एकानं तर छातीठोक सांगितलं की हे बॉलबद्दल आहे, कारण तेव्हा क्लबकडे एकच बॉल होता आणि तो नाल्यात जायचा.

हे सगळं गमतीत चाललं होतं, ते क्लबाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा अंगाशी आलं. स्मरणिका काढायची ठरली. पहिल्याच पानावर गाणं, आणि गाण्याखाली ते करणाऱ्याचं नाव. सेक्रेटरी म्हणाले, "आमच्या वडिलांनी केलं." आता सेक्रेटरींच्या वडिलांना मी ओळखत होतो, त्यांचा चष्मा माझ्याकडचा. त्यांचा गाण्याशी संबंध एवढाच, की शेजारच्या घरात रेडिओ लागला की ते उठून खिडकी लावायचे. साडूंनी भर मीटिंगमध्ये विचारलं, "कोणत्या साली? कुठे बसून? कोणी ऐकलं?" सेक्रेटरी तापले. म्हणाले, "तुम्हाला नको असेल तर पारंपरिक लिहू." झालं! तो शब्द साडूंसमोर उच्चारायचा नसतो. ते उभे राहिले. "पारंपरिक म्हणजे काय? परंपरेला तोंड असतं? शोधायचा कंटाळा आला की माणूस पारंपरिक लिहितो!" सेक्रेटरी म्हणाले, "मग शोधून आणा. महिना देतो." आणि साडूंनी, रागाच्या भरात, पन्नास माणसांदेखत शब्द दिला, "नाव नाही आणलं तर या मैदानात पुन्हा पाय ठेवणार नाही."

मी त्यांचा शर्ट खाली ओढत होतो, पण शब्द गेला तो गेला. बाहेर आल्यावर मी चांगलं फैलावर घेतलं त्यांना. "साडूभाऊ, अहो तुम्हाला त्या मैदानाशिवाय आहे काय? रविवारी जाणार कुठे?" त्यांची मुलगी लग्न होऊन नाशिकला, नोकरी संपलेली, गल्लीतले मीटर आता कोणी वाचत नाही, यंत्रच बसवलंय. रविवारची मॅच हेच काय ते उरलेलं. ते गेलं तर हा माणूस घरात बसून ताईंना डाळीत हिंग पहिल्यांदा घातला कोणी ते विचारणार, आणि ताई एक दिवस लाटणं घेऊन अंगावर येणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू. मी दुकान सोडून त्यांच्याबरोबर का हिंडलो याचं उत्तर माझी बायको आजही मागते. पहिल्यांदा ताशावाल्याकडे. तो म्हणाला, मी चहावाल्याकडून उचललं. चहावाला मैदानाबाहेरचा, अंजूरकडचा, दूध घालता घालता म्हणाला, "मना काय म्हाईत न्हाय बा. मी निजामपुऱ्यान चहा पोचवाचो ना, त्या गल्लीन आयकला. लूमवाली पोरां म्हनाची." गल्ली कोणती ते त्यानं सांगितलं. साडू म्हणाले, "अरे, ही तर माझीच गल्ली!" त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. आपल्याच वाटेवर होतं आणि आपल्याला ठाऊक नाही, याचा त्यांना अपमान वाटेल असं मला वाटलं होतं; पण चौकस माणसाला असला अपमान गोड लागतो. त्या गल्लीत एक म्हातारे जॉबर भेटले, म्हणजे लूम बिघडली की दुरुस्त करणारे. ते पायरीवर बसले होते. गाण्याचं नाव काढताच हसले. "वो? वो तो कांडीवाली आपा का गाना है, साब. ऊपर की खिड़की से आता था. जब बत्ती गुल होती थी ना, तब."

तेव्हाच्या भिवंडीत बत्ती रोज गुल व्हायची. आणि हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही, की लाईट गेली की निजामपुऱ्यात आधी काय व्हायचं तर शांतता. शेकडो लूम एकदम थांबायच्या आणि कानाला एकाएकी हलकं वाटायचं. कोणाचं बाळ रडतंय, कोण कोणाला हाक मारतंय, सगळं ऐकू यायचं. गाणं म्हणायचं तर तेव्हाच. ही आपा घरात बसून कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायचं सूत गुंडाळून द्यायची. लाईट गेली की तिचंही मशीन बंद, ती खिडकीत येऊन बसायची. ते घर आता पाडलंय, आपा मुलाकडे अंजूरच्या बाजूला राहायला गेली, एवढं जॉबरनी सांगितलं. नाव? नाव त्यांना माहीत नव्हतं. सगळी गल्ली आपाच म्हणायची, थोरली बहीण म्हणून.

साडूंनी घरी जाऊन जेवता जेवता ही बातमी सांगितली आणि ताईंचा घास हातातच राहिला. मी समोरच होतो.

"कोण ही आपा?"

"माहीत नाही."

"तीस वर्षं त्या गल्लीत जात होतात ना?"

"अगं, मीटर जिन्याखाली होता. वर कशाला जाऊ?"

"पोपटाची चौकशी करायला जात होतात की," ताई म्हणाल्या. मग घास तोंडात घातला, नीट चावला आणि जाहीर केलं, "उद्या मीही येते. मलाही बघू दे."

अशी आमची वरात तीन चाकांवर निघाली. साडू आणि ताई दोन टोकांना, मध्ये मी, दोन देशांच्या सीमेवर खांब असतो तसा. भातशेतीतून रस्ता, मग एकदम गोडाऊन, मग थोडी शेती, पुन्हा गोडाऊन. आपाचा मुलगा गोडाऊनमध्येच कामाला. त्याची खोली मागच्या बाजूला. आपा खाटेवर बसली होती. सत्तरीच्या पुढची, बारीक चणीची, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. चष्मा माझ्या दुकानातला नव्हता एवढं समाधान. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला मला दारातूनच दिसला. सून पाणी घेऊन आली. ताईंनी आपाला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि मग जाऊन सरळ तिच्याच खाटेवर बसल्या.

साडूंनी खिशातून कागद काढला, पेन काढलं. तीस वर्षांची सवय, उभ्यानंच लिहिणार. "आपा, वो धोटावाले जो गाते हैं, गेलं तर येईल रे... वो आपने बनाया ना?"

आपा हसली. "मैंने? ना भाई, झूठ क्यों बोलूँ. मैंने तो बस पीछे दुम लगाई. वो सबर वाली. पहला बोल तो उस बिजलीवाले का है."

"कौन बिजलीवाला?" साडूंचं पेन टेकलं.

"अरे वही, मीटर देखने आता था. मराठी भाई था. बत्ती गई कि सारी गली उसपे चढ़ जाती थी, कब आएगी, कब आएगी. जैसे उसके जेब में रखी हो! और वो बेचारा डर के मारे भागता जाता, और भागते-भागते बोलता जाता..." आणि आपानं डोळे मिटून, मान थोडी वाकडी करून, पळणाऱ्या माणसाच्या धापेसकट म्हटलं, "गेलं तर येईल रे, येईल रे, येईल रे..."

ताईंनी तोंडाला पदर लावला. तो आवाज, तो हेल, शेवटच्या "रे"ला लागणारा तो घाबरट हेलकावा... नवरा ओळखायला ताईंना चेहरा लागत नाही. पण आमचे साडू! ते कागदावर झुकून तितक्याच गंभीरपणे विचारतायत, "और उसका नाम क्या था, आपा?"

"नाम कौन पूछता है, भाई. बिजलीवाला बोलते थे."

"अहो," ताई म्हणाल्या, "पेन ठेवा ते खाली."

साडूंनी आधी ताईंकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग त्यांचं तोंड उघडं पडलं ते उघडंच. अख्ख्या गावात ज्याचा शोध चालला होता तो पहिला माणूस पायजम्यात आमच्यासमोर उभा होता. मला हसू आवरेना. "साडूभाऊ, कोणत्या साली? कुठे बसून? कोणी ऐकलं?" मी त्यांचेच प्रश्न त्यांना विचारले. ते मला म्हणाले, "अहो, पण ते गाणं नव्हतं! ते उत्तर होतं! लोक मारायला धावायचे, काय बोलणार मी?" आणि खरंच होतं ते. आपलं म्हणणं कोणी गाणं म्हणून उचलेल हे त्यांच्या गावीही नव्हतं. दुसरी ओळ तर त्यांनी तिथं कधी ऐकलीच नव्हती. ती यायची तोवर हे पुढच्या गल्लीत.

आपाला आता कळलं होतं समोर कोण आहे. तिनं चष्मा पुसला, त्यानं काय दिसणार होतं कोण जाणे, पण पुसला. म्हणाली, "भाई, एक दिन तुमको याद है? गर्मी के दिन थे. चार रोज़ से बत्ती नहीं थी. लड़कों ने तुमको बीच में ले लिया था."

साडू खुर्चीवर बसले. त्यांना आठवत होतं. चार-चार दिवसांचा पगार बुडालेली पोरं, चारी बाजूंनी. एकानं कॉलर धरली होती, एकानं पिशवी. हे आपले त्याही स्थितीत "येईल रे, येईल रे" म्हणत होते. "मैंने ऊपर से देखा," आपा म्हणाली, "सोचा, ये तो मारेंगे इसको. तो मैंने वहीं से, तुम्हारे ही सुर में, बोल दिया. थोड़ा सबर कर भाई, थोड़ा सबर कर. सब हँस पड़े. हाथ ढीले हो गए, और तुम निकल गए. उस दिन से हर बार का यही हो गया. तुम बोल के भागते, पीछे से मैं दुम लगाती, फिर पूरी गली गाती."

साडू खूप हळू आवाजात, माझ्याकडे बघून, मराठीत म्हणाले, "दाजी, त्या गोंधळात आपांचे शब्द कानावर आलेच नाहीत, तो हशा तेवढा ऐकू आला होता. मी मागं वळून बघितलं नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, ते मला हसतायत."

ज्या माणसानं पोपटाच्या शिवीचा उगम शोधला, त्यानं त्या हशाचं मूळ कधी विचारलं नव्हतं. भीती वाटली असणार. मलाही वाटली असती. आणि पुढची सगळी वर्षं हा माणूस दर महिन्याला त्याच गल्लीत जात राहिला, मान खाली घालून, मागून हसू येतंय असं समजून. मला एकदम त्यांच्या लांबलचक चौकश्यांचा राग यायचा बंद झाला. वातावरण जड झालेलं ताईंना सोसत नाही. त्या आपाला म्हणाल्या, "देखो ना आपा, सारे गाँव को येईल रे येईल रे बोलते फिरे. और घर में बत्ती गई तो मेरे को क्या बोलते थे, मालूम? मेणबत्ती कुठाय!" आपा इतकी हसली की सून आतून बघायला आली. निघताना साडूंनी वाकून विचारलं, "आपा, आपका नाम?" ती म्हणाली, "शमीमबानो. बहुत साल बाद किसी ने पूछा, भाई."

परतीच्या रिक्षात मी म्हटलं, सुटलात! नाव मिळालं, दोन दोन नावं मिळाली. साडू म्हणाले, "एकच." मी म्हटलं, म्हणजे? "दाजी, विचार करा. मी शोधायला गेलो आणि माझंच नाव घेऊन आलो असं दिसलं, तर सेक्रेटरी काय म्हणेल? सगळे हसतील. माझं जाऊ द्या. पण मग आपांचंही कोणी खरं मानणार नाही. वडिलांचं नाव छापून मोकळे होतील." ताई म्हणाल्या, "खरं ते सांगायचं." ते म्हणाले, "खरंच सांगणार. अर्धं." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून असलं काही ऐकत होतो.

मीटिंगला जॉबर आले, चहावाला आला. साडूंनी एकेक कडी जोडत शमीमबानोपर्यंत गोष्ट आणली. लोकांना पटली. सेक्रेटरी हुशार माणूस, तो मुद्द्यावर आला, "आपांना मराठी येत नाही. मग पहिली ओळ मराठी कशी?" मी उठायला लागलो. टेबलाखाली साडूंनी माझ्या पायावर पाय ठेवला, चांगला दाबून. "पहिली ओळ," ते म्हणाले, "गल्लीतून कोणीतरी म्हणत जायचा. त्याचं नाव सापडलं नाही." सेक्रेटरी म्हणाले, "मग तेवढी पारंपरिक लिहू?" सगळे साडूंकडे बघायला लागले, आता हा उसळणार म्हणून. साडू म्हणाले, "लिहा."

स्मरणिका निघाली ती मोठ्या मॅचच्या दिवशी. आपाला मुलगा रिक्षातून घेऊन आला. ताई त्या मैदानात पहिल्यांदाच आल्या होत्या. आपाचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. मुलानं पहिलं पान उघडून आईला नाव वाचून दाखवलं. आपानं त्या ओळीवरून बोट फिरवलं, मग वरच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "और यहाँ क्या लिखा है?" मुलगा वाचणार, तेवढ्यात साडूंनी "आपा, मॅच सुरू झाली" म्हणून विषय बदलला. त्यांना खेळ बघायची घाई झालेली मी जन्मात पहिल्यांदा बघितली. आमच्या लोकांनी लगेच गोल खाल्ला. ताशा वाजला. पण पहिली ओळ आली तेव्हा साडू गप्प होते. दर वेळी ज्यांचा आवाज सगळ्यांच्या वर जातो ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात माझ्या पलीकडून, बेसूर, मोठ्यानं, आजूबाजूच्यांनी वळून बघावं इतक्या मोठ्यानं ताई म्हणाल्या, "गेलं तर येईल रे, येईल रे, येईल रे!" समोर बघत नव्हत्या त्या. साडूंकडे बघत होत्या. आपानं दुसरी ओळ धरली आणि अख्खं मैदान तिच्यामागे गेलं. साडूंनी चष्मा काढला, तो पुसत राहिले, आणि कोणालाच काही विचारलं नाही. मीही त्यांच्याकडे फार वेळ बघितलं नाही, खेळाकडे बघत राहिलो. तोवर आमच्यावर दुसरा गोल झाला होता.